मुहतसिब ते फूड इन्स्पेक्टर: खान्देशच्या बाजारावर नजर कुणाची?

आम्ही बागवान. जळगावात तीन पिढ्या केळीचा धंदा केला. आमची वखार म्हणजे जाड भिंतींची, खिडकी नसलेली एक अंधारी खोली. दादाजींच्या वेळी तिथं केळीचे हिरवे घड रचत, वरून वाळलेली पानं आणि पोती टाकत, कोपऱ्यात गोवऱ्यांचा धूर करत आणि दाराच्या फटी शेणामातीनं लिंपून टाकत. दार किती दिवसांनी उघडायचं ते दादाजी वासावरून ठरवत. थंडीत जास्त दिवस लागत, उन्हाळ्यात कमी.

धंदा अब्बांच्या हाती आला तेव्हा हे सगळं मागे पडलं होतं. वेल्डिंगच्या कामाला लागणारे राखाडी खडे सगळ्या बाजारात येऊन पोहोचले होते. कार्बाइड. कागदाच्या पुड्या करायच्या, घडांच्या मधोमध ठेवायच्या, ताडपत्री ओढायची. फळातल्या ओलाव्यानंच काम सुरू व्हायचं. दोन-तीन दिवसांत सगळा माल पिवळाधमक. लसणासारखा एक उग्र वास मात्र खोलीला कायमचा चिकटलेला असायचा. पुड्या बांधण्याचं काम आम्हा पोरांकडे होतं. हाताची बोटं कोरडी पडून चिरा जायच्या, अम्मी खोबरेल लावायची.

१९८०च्या दशकाचा शेवट असेल, मी पाचवी-सहावीत होतो. एक दिवस सकाळीच एक साहेब आले, सोबत शिपाई. त्यांनी ताडपत्री उचलली, एक पुडी उघडून पाहिली. फार बोलले नाहीत.

“बागवान, हे काय आहे?”

“साहेब, सगळेच वापरतात.”

“सगळ्यांकडे जाणार आहे. आज तुमच्याकडे आलोय.”

पंचनाम्याला पंच हवे होते. शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावलं, तर एकाला अचानक बँकेत काम निघालं आणि दुसऱ्यानं शटरच ओढून घेतलं. शेवटी चौकातला एक सायकल दुरुस्तीवाला सही द्यायला तयार झाला. माल उचलून नेला आणि नष्ट केला. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री दादीसमोर बसून म्हणत होते, धंद्यात हे करावंच लागतं, नाहीतर शेजारचा आपल्या आधी माल काढतो. दादी शांतपणे ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, “बेटा, ऊपर पीला, अंदर कच्चा. ये तो वही गीला अनाज हुआ.”

ओल्या धान्याची ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मदिनेच्या बाजारातून जाताना पैगंबरांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला. वर धान्य कोरडं, आत बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबरांनी विचारलं की ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणारा आमच्यातला नाही, असं सांगून ते पुढे गेले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे आणि जुम्याच्या खुतब्यात ती आपण शेकडो वेळा ऐकलेली असते. पण तिच्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. पैगंबरांनी धान्य विकायला मनाई केलेली नाही. त्यांनी ओलं धान्य वर ठेवायला सांगितलं. म्हणजे ज्याला घ्यायचंय तो बघून घेईल, भाव कमी देईल. आजच्या कायद्याच्या भाषेत याला ‘लेबलिंग’ म्हणतात.

या हात घालण्याचं पुढे खातं झालं. त्याचं नाव हिस्बा आणि त्यावरचा अधिकारी म्हणजे मुहतसिब. हजरत उमर यांनी मदिनेच्या बाजाराच्या देखरेखीचं काम शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंकडे सोपवलं होतं, अशी रिवायत आहे. (बायकांनी बाजारात जावं की नाही यावर आपल्या मोहल्ल्यात अजून चर्चा चालते, म्हणून मुद्दाम सांगितलं.) रात्री गस्त घालताना आई मुलीला दुधात पाणी घालायला सांगतेय आणि मुलगी नकार देतेय, हे संभाषण उमर यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी तिला आपली सून करून घेतलं, ही गोष्टही घराघरात सांगतात. दुधातलं पाणी हा तेराशे-चौदाशे वर्षांचा जुना खटला आहे, आणि अजून निकाली निघालेला नाही.

बाराव्या शतकात सीरियात शैजरी नावाच्या लेखकानं मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात भटारखानेवाले, खाटीक, मासे तळणारे, हरीसा शिजवणारे, सरबतवाले अशा एकेका धंद्यावर वेगळं प्रकरण आहे. वाचताना आपण धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या गल्लीत उभे आहोत असं वाटतं. कणीक मळणाऱ्यानं पायानं किंवा कोपरानं मळू नये. तोंडावर कापड बांधावं, कारण बोलताना, शिंकताना थुंकी पडते. कपाळाला पट्टी बांधावी, घाम पिठात पडू नये. दिवसा मळत असेल तर माशा वारायला शेजारी एक माणूस हवा. हरीसाच्या हंड्यांवर रात्री मुहतसिबाचं सील लावावं, म्हणजे मागाहून कुणी काही घालणार नाही. दुधात पाणी आहे का हे बघायला एक कोरडा केस बुडवून काढावा. केसाला दूध चिकटलं नाही तर पाणी घातलेलं आहे. आज लॅक्टोमीटर आहे, तेव्हा केस होता. ही पद्धत इतकी कामाची ठरली की स्पेनमध्ये मुसलमानांची सत्ता गेल्यावरही ख्रिस्ती राजांनी हे पद मोडलं नाही. बाजारावरच्या अधिकाऱ्याला तिथं ‘अल्मोतासेन’ म्हणत राहिले. शब्द ऐकताच मुहतसिब ओळखू येतो.

आता याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझ्या लेखी तीच जास्त महत्त्वाची आहे. अकराव्या शतकातला कायदेपंडित मावर्दी यानं मुहतसिबाच्या अधिकारांची हद्द घालून दिली. जे उघड्यावर आहे, बाजारात विकायला मांडलंय, त्यावर त्याचा अधिकार. जे झाकलेलं आहे, कुणाच्या घरात आहे, ते शोधत फिरणं त्याचं काम नाही. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या भानगडी हुंगत फिरणं, मना केलेलं आहे. यावर खुद्द उमर यांचीच एक गोष्ट सांगतात. एका घरात दारू पितायत असा संशय येऊन ते भिंतीवरून आत उतरले. घरमालक म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. हेरगिरी केलीत, दारातून आला नाहीत आणि परवानगी घेतली नाहीत. खलिफा मुकाट्यानं बाहेर पडले. ही गोष्ट मी पुढे पुन्हा आणणार आहे.

सगळेच सुलतान हे पाळत होते असं नाही. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीनं मंडीवर शहना नेमला, भाव बांधले, आणि मापात मारणाऱ्यांना पकडायला लहान मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. जेवढं वजन कमी भरलं तेवढं मांस दुकानदाराच्या अंगाचं कापलं जाई, असं बरनी लिहितो. अनेकजण आजही हे मोठ्या कौतुकानं सांगतात, “असा धाक पाहिजे!” म्हणतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. धाकावर चाललेला तो बाजार अलाउद्दीनबरोबरच संपला.

आपल्या खान्देशाकडे येतो. तापीच्या काठावरचं थाळनेर, आजच्या शिरपूर तालुक्यातलं, फारुकी घराण्याची पहिली राजधानी. मलिक राजानं १३८२ साली इथून राज्य सुरू केलं. त्याचा मुलगा नासिरखान यानं सूफी बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावानं बुऱ्हाणपूर वसवलं आणि पुढची दोनशे वर्षं खान्देशाचा मोठा बाजार तिकडे भरत राहिला. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकी संपले. मोगलांच्या शहरांत बाजाराचा बंदोबस्त मुख्यत्वे कोतवालाकडे असे. वजनं, मापं, भाव, चोऱ्या, सगळं तोच बघे. मुहतसिब हे पद होतं, पण औरंगजेबाच्या काळात त्याची ओळख दारू, भांग आणि लोकांच्या वागणुकीवर पहारा ठेवणारा अधिकारी अशीच झाली. ढिगात हात घालणारा माणूस लोकांच्या घरात डोकावू लागला. हिस्ब्याच्या इतिहासातलं हे मोठं नुकसान आहे असं मला वाटतं. आज मुहतसिब शब्द ऐकला की आपल्याला शायरीतला, रिंदाची सुराही फोडणारा खडूस माणूस आठवतो. पिठात घाम पडू नये म्हणून पट्टी बांधायला लावणारा आठवत नाही.

१८१८ साली इंग्रज आले. कॅप्टन ब्रिग्ज या पहिल्या कलेक्टरनं धुळं हे मुख्य ठाणं केलं. १८६२ मध्ये धुळ्याची नगरपालिका झाली, १८६४ मध्ये जळगावची. १८६२ हे वर्ष आणखी एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. भारतीय दंड संहिता त्या वर्षी अमलात आली. तिच्या २७२ आणि २७३ या कलमांत भेसळ करणं आणि अपायकारक अन्न विकणं हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिने किंवा हजार रुपये दंड. हजार रुपये तेव्हा मोठी रक्कम होती. महाराष्ट्रात ती पुढची दीडशे वर्षं हजारच राहिली.

खुद्द इंग्लंडात तेव्हा काय चाललं होतं? आर्थर हॅसल नावाचा डॉक्टर मायक्रोस्कोप घेऊन लंडनच्या दुकानांतला माल तपासत होता. १८५१ ते १८५४ या काळात ‘लॅन्सेट’ साप्ताहिकानं त्याचे निकाल दुकानदारांच्या नाव-पत्त्यासह छापले. कॉफीत चिकोरी, पावात तुरटी, मिठाईच्या रंगात शिसं. १८५८ मध्ये ब्रॅडफर्डच्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्यांत चुकून आर्सेनिक गेलं आणि वीसेक माणसं मेली. मग १८६० साली तिथं भेसळीचा पहिला कायदा झाला, १८७५ मध्ये नीट दात असलेला. इकडे मुंबई प्रांतात भेसळ प्रतिबंधक कायदा आला तो १९२५ साली.

कायदा उशिरा आला म्हणजे आपल्याकडे खाण्यापिण्यावर पहारा नव्हता असं नाही. होता, आणि फार कडक होता, पण तो पदार्थावर नव्हता. तो हातावर होता. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाची सावली पडली तर अन्न टाकून द्यायचं, हे ठरलेलं होतं. रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळे. भुसावळसारख्या जंक्शनवर उतरणाऱ्या तहानलेल्या माणसाला आधी आपण कोण ते आठवावं लागे. दोन्ही पाणी एकाच विहिरीचं असलं तरी. त्या पाण्यात पटकीचे जंतू आहेत का, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडत नसे. दलितांना तर या दोन्हींपैकी एकाही घागरीला हात लावता येत नव्हता. हॅसलच्या मायक्रोस्कोपचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यातून बघितलं की दुधात काय आहे ते कळतं, दूध कुणी काढलं ते कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये देशभरासाठी एकच अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून लागू झाला. ‘फूड इन्स्पेक्टर’ हा शब्द तिथून आपल्या बोलण्यात आला. या कायद्याची रीत बघण्यासारखी आहे. इन्स्पेक्टरनं नमुना फुकट उचलायचा नाही, बाजारभावानं पैसे मोजायचे. साक्षीला माणूस बोलवायचा. नमुन्याचे तीन भाग करून सील करायचे. सुरुवातीला एक भाग दुकानदाराकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे आणि एक इन्स्पेक्टरकडे राही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोन भाग स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊ लागले. पहिला अहवाल विरोधात गेला तर दुकानदार दहा दिवसांत अर्ज करून दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवू शकत होता. म्हणजे संशयाला तिथंही जागा होती, पण तो सिद्ध करण्याची पायरी-पायरीची वाट होती.

आमच्या वखारीपुढे जे झालं तेच इतरत्रही होई. पंच मिळत नसत. शेजाऱ्याविरुद्ध सही कोण करणार? उद्या त्याच बाजारात बसायचंय. सही करणारा पंच वर्षानं कोर्टात उभा राहून “मला काही आठवत नाही” म्हणे. अहवाल यायला वेळ लागे, खटला उभा राहायला त्याहून जास्त. शिवाय कायदा गरिबावर जास्त जड पडे. म्हशीच्या किंवा गायीच्या दुधात किती टक्के स्निग्धांश हवा हे कायद्यानं ठरवलेलं. खान्देशातल्या उन्हाळ्यात, वैरणीच्या टंचाईत, हाडं निघालेल्या जनावराचं दूध पाणी न घालताही पातळ निघू शकतं. गुन्हा सिद्ध झाला तर किमान सहा महिने कैद. नैसर्गिक कारणानं दर्जा कमी भरला तर ती भेसळ धरू नये, हे वाक्य कायद्यात घालायला १९७६ साल उजाडलं. दोन म्हशींच्या गवळ्याची आणि टँकरभर बनावट दूध करणाऱ्याची शिक्षा एकाच मापानं मोजली जात होती, याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

हुशारीचा एक नमुनाही सांगायला हवा, कारण त्यात खान्देशातल्या शेतात पिकणारा तीळ आहे. डालडा बाजारात आला आणि तुपात वनस्पती मिसळणं फार सोपं झालं. दिसायला दोन्ही सारखीच. तेव्हा सरकारनं वनस्पतीच्या कारखान्यांना सक्ती केली की किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायचंच. का? तर तिळाच्या तेलातला एक घटक हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्याबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. तुपाचा नमुना नळीत घ्या, रंग आला की त्यात वनस्पती आहे. खोट्याच्या अंगावर आधीच खूण करून ठेवली. शैजरीनं हे वाचलं असतं तर खूश झाला असता.

आता पुन्हा केळीकडे. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलिन वायू सुटतो. फळ पिकताना स्वतः इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि ॲसिटिलिन त्याचीच नक्कल करतो. फळाला वाटतं वेळ झाली. साल पिवळी होते, देठ हिरवाच राहतो, आतला गर पुरेसा गोड होत नाही. त्याहून वाईट म्हणजे बाजारातल्या, वेल्डिंगच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या विषारी संयुगांचे अंश असतात. म्हणून १९५५ च्या नियमांत पुढे ४४अअ हा नियम घालून या वायूनं फळं पिकवण्यावर बंदी आली, आणि २०११ च्या नियमांनी ती कायम ठेवली. गंमत अशी की दादाजींच्या गोवऱ्यांच्या धुरातही थोडं इथिलीन असतंच. अर्धवट जळण्यातून ते तयार होतं. दादाजींना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण त्यांचा मार्ग योग्य वायूकडे जाणारा होता. अब्बांच्या पिढीनं वेळ वाचवला आणि चुकीचा वायू घेतला.

अब्बांना नुसतं दोषी ठरवून मी मोकळा होणार नाही. रावेर, सावदा, निंभोरा इथून हिरवी केळी रेल्वेनं उत्तरेकडे जात, ती तिकडच्या वखारीत पिकत. स्थानिक बाजारासाठी आमच्यासारख्या लहान बागवानाकडे उरे तो माल, आणि रोज ताजा पिवळा घड मागणारं गिऱ्हाईक. बंदी होती, पण बंदीच्या जागी काय वापरायचं याचं स्वस्त उत्तर कित्येक वर्षं कुणी दिलं नाही. २०१६ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं इथिलीन वायूला दहा लाखांत शंभर भागांपर्यंत परवानगी दिली. त्यासाठी बंद चेंबर लागतं, १६ ते १८ अंश तापमान, भरपूर आर्द्रता आणि मधूनमधून हवा बदलण्याची सोय. चार-पाच दिवसांत केळी छान पिकते. पण चेंबरला भांडवल लागतं आणि अखंड वीज लागते. मोठ्या व्यापाऱ्यानं चेंबर बांधलं, लहान बागवान तिथून पिकलेला माल उचलून हातगाडीवर विकू लागला. वखारी गोडाऊन झाल्या. आमचीही झाली.

५ ऑगस्ट २०११ पासून जुना कायदा गेला आणि २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. लहान चुकांसाठी फौजदारी कोर्टाऐवजी दंड, जिवाला धोका करणाऱ्या अन्नासाठी तुरुंग, अशी विभागणी झाली. गवळ्याला आणि टँकरवाल्याला एकाच मापानं मोजणं थोडं कमी झालं. नमुन्याचे तीनाऐवजी चार भाग झाले. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी करता येऊ लागली. अंमलबजावणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. जळगाव आणि धुळे या दोन्ही पालिका २००३ मध्येच महापालिका झाल्या होत्या, त्यांच्याकडे कत्तलखाना, मटण मार्केट, पाणी, गटार आणि कचरा राहिला. पण अन्न आणि गटार यांच्यामध्ये बाजारात भिंत नसते. हातगाडीवरची भजी एका खात्याची आणि तिच्या खालची नाली दुसऱ्या खात्याची. माशी मात्र दोन्हीकडे फिरते.

इथं आपल्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे, राग आला तरी चालेल. कुरआनात खाण्याबद्दल हलाल या शब्दाबरोबर तय्यिब हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगलं. आपण मांस घेताना हलाल आहे का हे दहा वेळा विचारतो. जनावर कापण्याआधी डॉक्टरनं पाहिलं का, पाटावरचं पाणी कुठून येतं, मांस उघड्यावर धुळीत का टांगलंय, हे एकदाही विचारत नाही. जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकानं तपासून शिक्का मारायचा ही जुनी पद्धत. तो शिक्का म्हणजे आपल्यावरची मेहरबानी किंवा जाच नाही. आपल्या पोरांच्या पोटाचा तो विमा आहे. नीट कत्तलखाना मागणं, डॉक्टर मागणं, शिक्का मागणं हे खरं तर खाटीक-कुरेशी मंडळींच्या मागण्यांत सगळ्यात वर असायला हवं.

याच्या उलट बाजूला जे वाढतंय ते मला रात्री झोपू देत नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये, इगतपुरीजवळ, जळगाव जिल्ह्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना तरुणांच्या टोळक्यानं मारहाण केली. ते कल्याणला लेकीकडे निघाले होते. त्यांच्याजवळच्या डब्यांत मांस होतं, ते म्हशीचं आहे असं ते सांगत होते. गाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर ते सगळं चित्रित केलं म्हणून देशाला कळलं. नंतर गुन्हा नोंदवला गेला, काहींना अटक झाली. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. मारण्यापेक्षा मला जास्त काय दिसलं असेल तर ते प्रश्न. काय आहे, कुठं चाललायस, किती जणांना खायला घालणार. म्हाताऱ्या माणसाची ती तपासणीच चालली होती. अधिकार नाही, नमुना नाही, सील नाही, प्रयोगशाळा नाही, दुसऱ्या तपासणीचा अर्ज नाही. निकाल मात्र जागच्या जागी.

आणि महाराष्ट्रात म्हशीचं मांस बंद नाही. २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, म्हैस त्यात नाही. दुसऱ्या राज्यातून आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगण्याला गुन्हा ठरवणारं कलमही मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं. तेव्हा घरात किंवा डब्यात काय आहे हा खासगीपणाचा मुद्दा न्यायालयानं उचलून धरला. भिंतीवरून उतरलेल्या खलिफाला त्या घरमालकानं जे सांगितलं, ते हेच होतं.

लोकांना ज्याचा पत्ता नाही असं एक कलम या नव्या कायद्यात आहे. चाळिसावं. कुणाही ग्राहकाला एखाद्या खाण्याच्या वस्तूबद्दल शंका आली तर त्यानं ती विकत घ्यावी, मी ही तपासायला पाठवणार आहे असं दुकानदाराला तिथंच सांगावं आणि फी भरून सरकारी विश्लेषकाकडे द्यावी. वस्तू सदोष निघाली तर फी परत मिळते. त्याच्या आधीच्या, एकोणचाळिसाव्या कलमात अधिकाऱ्यालाही लगाम आहे. त्यानं विनाकारण, त्रास देण्यासाठी कुणाचा माल जप्त केला तर त्यालाच एक लाखापर्यंत दंड. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या दुकानांवर मालकांची नावं लिहायचा हुकूम निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २२ जुलै २०२४ रोजी त्याला स्थगिती देताना सांगितलं की काय विकतोय ते लिहायला लावा, नाव लिहायला लावू नका. नोंदणीचा कागद दुकानात टांगायचा नियम आहेच आणि त्यावर नाव असतंच, ज्याला वाचायचंय तो वाचतो. पण रस्त्यावरून दिसेल असं नाव मागणाऱ्याला पिठाची काळजी नसते. भुसावळच्या फलाटावर आपण हे पाणी एकदा पिऊन झालोय.

माझा चुलतभाऊ अजून धंद्यात आहे. केळी तो चेंबरवाल्याकडून उचलतो, रमजानमध्ये खजूर विकतो. मागच्या रमजानमध्ये अधिकारी आले होते. खजुराची पाकिटं निवडली, चार भाग केले, सील केलं, सह्या घेतल्या, पैसे मोजले. या वेळी पंच म्हणून समोरचा मेडिकलवाला पाटील स्वतःहून पुढे आला, “भो, आण इकडं, मी करतो सही,” म्हणत. भाऊ आठवडाभर काळजीत होता. अहवाल आला तेव्हा त्यानं मला फोन केला. खजूर चांगला निघाला. पाकिटावर पॅकिंगची तारीख नव्हती म्हणून नोटीस मिळाली होती. तो अर्धा तास चिडून बोलत होता, एवढ्याशा तारखेसाठी माणसाला पळवतात म्हणून. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर काउंटरवर तारखेचा रबरी शिक्का आणि शाईचं पॅड होतं, आणि त्याचा धाकटा मुलगा उरलेल्या पाकिटांवर एकेक तारीख उठवत बसला होता.